कातडीचे लाड

ज्यांच्या गुडघ्यांवर कधीकाळी टिंक्चर आयोडीन ओतलं गेलं, त्यांची एका गोष्टीवर आयुष्यभर श्रद्धा राहते : झोंबल्याशिवाय गुण येत नाही. खेळताना गुडघा फोडून घरी आलं, की आजी फडताळातली तपकिरी बाटली काढायची, कापसाचा बोळा भिजवायची, आणि आम्ही भोकाड पसरायच्या बेतात असताना एका हाताने औषध टेकवत तोंडाने त्यावर फुंकर घालायची. आग आणि फुंकर एकाच माणसाकडून, एकाच क्षणी मिळायची. पुढे प्रेमाची जी काही रूपं पाहिली, त्यांतली बरीचशी याच मिश्रणाची निघाली. "जंतू मरतायत रे," आजी म्हणायची, आणि आपल्या गुडघ्यावर चाललेल्या त्या अदृश्य कत्तलीचा रडता रडता थोडा अभिमानही वाटायचा. काढा कडू, शिकेकाई डोळ्यांत जाणारी, बाम कपाळावर चरचरणारा. हिताच्या वस्तूने थोडं छळायचं, असा जणू करारच होता. एखादं औषध गोड निघालं, तर त्याच्या प्रामाणिकपणाविषयी घरात शंका घेतली जायची.

माझ्या भाचीच्या वाट्याला आयोडीन आलं नाही. तिच्या गुडघ्यांना न झोंबणारी मलमं मिळाली आणि वर चिकटवायला कार्टूनची चित्रं असलेल्या पट्ट्या. तेव्हा ही श्रद्धा तिच्यापर्यंत पोचायचं काही कारण नव्हतं. पण काही संस्कार रक्तातून आले नाहीत, तर हवेतून येत असावेत. ती हिंजवडीतल्या एका कंपनीत संगणकाशी काहीतरी करते (मी विचारलं, की माझी दया येऊन ती ते सोपं करून सांगते आणि मला तरीही कळत नाही), बाणेरला दोन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या घरात राहते आणि मधूनमधून शनिवार-रविवारी आमच्याकडे येते. गेल्या थंडीत आली, तेव्हा तिचे गाल असे लालबुंद दिसत होते, की मला वाटलं, पोरगी लाजतेय. काही चांगली बातमी असावी. "लाजत नाहीये मामा," ती म्हणाली, "नवीन सिरम आहे. थोडं झोंबतंय. म्हणजे काम करतंय."

रात्री जेवणं आटोपली, की न्हाणीघरातल्या आरशापुढे तिचा विधी सुरू होई. आधी तेलकट क्लिन्झर, मग ते तेल काढायला पाण्याचा क्लिन्झर, मग टोनर, मग टोनर आणि सिरम या दोन्ही घराण्यांशी सोयरीक सांगणारं एसेन्स नावाचं काहीतरी, मग एक सिरम, ते मुरेपर्यंत थांबून दुसरं, डोळ्यांखाली वेगळं मलम (डोळ्यांखालचा मुलूख हे स्वतंत्र संस्थान आहे, तिथे गालांचे कायदे चालत नाहीत), मग क्रीम, आणि सगळ्यावर झाकण म्हणून आणखी एक तेल. दक्षिण कोरियातून जगभर पसरलेला हा दहा पायऱ्यांचा परिपाठ. आमच्याकडे षोडशोपचारांची सवय असल्यामुळे मला दहाचं काही विशेष वाटलं नाही. नवल वाटलं ते याचं, की इथे देव आणि पुजारी एकच होते आणि दोघेही दमलेले होते. एखाद्या रात्री ती चेहऱ्यावर ओला कागदी मुखवटा चिकटवून पाणी प्यायला स्वयंपाकघरात यायची, आणि अंधारात तिला पाहून तिची मामी दर वेळी नव्या उत्साहाने दचकायची.

बाटल्या मात्र देखण्या होत्या. ड्रॉपरच्या, औषधी चेहऱ्याच्या, आणि प्रत्येकीवर टक्केवारी छापलेली : नायसिनमाइड १० टक्के, ग्लायकोलिक ७ टक्के, सॅलिसिलिक २ टक्के. बोर्डाच्या निकालावर पोसलेल्या समाजाला टक्क्यांचा मोह सुटत नाही. ५ टक्क्यांची बाटली शेजारी असताना १० टक्क्यांची उचलणारी मुलगी मला काही परकी वाटली नाही. ग्लायकोलिक आम्ल मुळात उसात सापडतं हे कळलं, तेव्हा तर कोल्हापूरकडचं कोणी नात्यातलं भेटल्यासारखं झालं. बाटलीतलं सहसा रसायनांच्या कारखान्यात तयार होतं, गुऱ्हाळाशी त्याचा काही संबंध नसतो, पण आडनाव तेच. या कुळातल्या आम्लांना त्वचाशास्त्रात मानाचं पान मिळालं ते १९७४ मध्ये. फिलाडेल्फियाच्या यूजीन व्हॅन स्कॉट आणि रुई यू या दोघांनी ती इक्थिओसिसच्या रुग्णांवर वापरून पाहिली. या आजारात कातडी गळायचं विसरते. थरावर थर साचत जाऊन अंगावर माशासारखे खवले दिसू लागतात. आम्लांनी ते थर सैल झाले. कातडीच्या कोंडीतून माणसं सोडवण्यासाठी शोधलेला हा उपाय माझी भाची आठवड्यातून चार-पाच रात्री चेहऱ्याला लावत होती, आणि तिची स्वतःची कातडी तर रोज, वेळच्या वेळी, कुणाला कळूही न देता गळत होती.

जाहिरातींमध्ये 'मृत पेशी' हे शब्द असे उच्चारतात, की ऐकणाऱ्याला आपण अस्वच्छ घरात राहतो असं वाटावं. खरी हकीकत वेगळी आहे. त्वचेच्या तळाशी पेशी जन्मते, हळूहळू वर सरकते, सरकता सरकता चपटी होते, वाटेत आपलं केंद्रक गमावते आणि वरच्या थराशी पोचेतो मेलेली असते. हा प्रवास दोनेक आठवड्यांचा. त्यानंतर साधारण तितकाच काळ ती त्या थरात ठाण मांडून राहते आणि मग अलगद सुटून जाते. तरुणपणी हा फेरा २८ दिवसांच्या आसपासचा. वय झालं, की तोही आपल्यासारखा रेंगाळतो. म्हणजे जगाशी आपला जो काही संबंध येतो, उन्हाशी, धुळीशी, पावसाशी, गर्दीतल्या परक्या कोपराशी, तो सगळा या मेलेल्यांच्या मार्फत. ते पंधरा-वीस थरांनी उभे असतात आणि सगळ्यांची मिळून जाडी डोक्यावरच्या केसापेक्षाही कमी भरते. मला तर ते पितर वाटतात. स्वतः गेलेले, तरी उंबऱ्यावर उभे राहून घर राखणारे. आपल्या पितरांना आपण निदान भाद्रपदातला पंधरवडा देतो, कावळ्याला आर्जवाने हाका मारतो. या पितरांना मात्र अक्रोडाच्या टरफलांच्या भुकटीने घासून वेळेआधीच दारातून हाकलायचं आणि अजून मिसरूड न फुटलेल्या कोवळ्या पोरांना पहाऱ्यावर उभं करायचं. मग ती पोरं भेदरून गुलाबी झालेली दिसली, की म्हणायचं, काय ग्लो आलाय!

अमेरिकन त्वचाशास्त्रज्ञ पीटर इलायस यांनी या थरासाठी विटांच्या भिंतीची उपमा रूढ केली. मेलेल्या पेशी या विटा आणि त्यांच्यामधला चुना म्हणजे सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं. (कोलेस्टेरॉलबद्दल दोन शब्द बरे बोलणारा डॉक्टर त्वचेचाच असू शकतो, आमच्या वयात हेही सुख थोडं नाही.) हा चुना शाबूत असला, की आतलं पाणी आत राहतं. धडधाकट माणसाच्या कातडीतूनही, घामाचा हिशेब वेगळा ठेवला तरी, रोज ३००-४०० मिलिलिटर पाणी नकळत उडून जातं. चुना धुपला, की ते आणखी वाढतं. मग गाल ओढल्यासारखे होतात, नाकाशी पापुद्रे सुटतात, आणि कालपर्यंत मुकाट्याने लावून घेतलेलं साधं क्रीमसुद्धा आज चरचरतं. आमच्या आजीच्या सिद्धान्तानुसार हा औषधाचा पराक्रम ठरला असता. प्रत्यक्षात ते भिंतीला पडलेलं खिंडार असतं. शिवाय या भिंतीवर एक फिकट आंबट हात फिरवलेला असतो. जर्मनीत शाडे आणि मार्चिओनिनी यांनी १९२८ मध्ये त्याला आम्लाचं आवरण म्हटलं. निरोगी चेहऱ्याचा सामू साडेचार ते साडेपाच, आपल्या नेहमीच्या साबणाचा नऊ ते दहा, आणि या मोजपट्टीवर एक घर पुढे जाणं म्हणजे दहापट फरक. साबणाने धुतलेल्या तोंडाला पुन्हा मूळपदावर यायला काही तास लागतात. तेवढ्यात भाचीचं दुसरं धुणं निघायचं.

हे सगळं ऐकून आमच्या शेजारच्या काकूंना फार आनंद झाला. "म्हणून तर म्हणते, आपलं घरगुती ते बरं." आजीच्या काळाविषयी हळवं व्हायला मलाही आवडतं, पण खरं सांगायचं तर आजीलाही आवर घालावा लागे. अभ्यंगस्नानाच्या पहाटे अंगाला तेल जिरवून झालं, की ती नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी, आंबेहळद असल्या सुवासिक ऐवजाने आम्हाला अशी रगडायची, की नरकासुर नक्की कोण, याबद्दल मनात गोंधळ उडायचा. त्या उटण्याचं सगळ्यात मोठं पुण्य हे, की ते वर्षातून मोजकेच दिवस घरात यायचं. उरलेलं वर्ष आमची कातडी शेण, शाई आणि उन्हाच्या हवाली असे आणि सुखात असे. तेच उटणं कोणी रोज सकाळ-संध्याकाळ लावू म्हणेल, तर कोरियाने केलं काय आणि कपूरकाचरीने केलं काय, गालांना दोन्ही सारखंच. काकूंच्या लाडक्या लिंबाचा सामू दोनच्या आसपास असतो. त्याचा रस लावून उन्हात गेलं, तर फोड उठतात आणि मागे राहिलेले काळपट डाग महिनोन्महिने जात नाहीत. खाण्याचा सोडा दुसऱ्या टोकाला, आठच्या वर. एकाच आठवड्यात दोन्ही लावणाऱ्या माणसाने आपल्या चेहऱ्याचा लिटमस कागद केला आहे, एवढंच म्हणता येईल.

यापुढचा भाग हसण्याचा नाही, म्हणून लवकर आटोपतो. फिलाडेल्फियाच्याच अल्बर्ट क्लिगमन यांनी १९७५ मध्ये हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड यांचं मिश्रण चेहऱ्यावरच्या वांगासारख्या डागांसाठी सुचवलं. त्या धर्तीच्या ट्यूबा डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक मुदतीपुरत्या वापरायच्या असतात. आपल्याकडे त्या गोरं व्हायचं क्रीम म्हणून चिठ्ठीशिवाय खपल्या. आधी चेहरा उजळतो. मग कातडी विरते, आतल्या रक्तवाहिन्या दिसू लागतात, लव वाढते, पुटकुळ्या येतात. थांबवावं तर आगडोंब उसळतो, म्हणून पुन्हा तीच ट्यूब. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी अशा चेहऱ्याला 'टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस' असं स्वतंत्र नावच देऊन टाकलं आणि २०१८ मध्ये सरकारने १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या यादीत घातली. मुलगी सावळी आहे एवढंच दुखणं होतं, आणि तेही तिचं नव्हतं, बघायला आलेल्यांचं होतं.

भाचीच्या बाटल्यांत सुदैवाने स्टेरॉइड नव्हतं. पण तिच्या हनुवटीभोवती आणि नाकाच्या कडांना बारीक पुरळ उठलं. पुरळावर तिने आणखी एक सिरम लावलं. सिरमावर आणखी पुरळ उठलं. शेवटी तिची मामी तिला डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली, आणि बाटल्यांची पिशवी धरायला माणूस हवा म्हणून मीही गेलो. डॉक्टरबाईंनी एकेक बाटली टेबलावर मांडली, चष्मा कपाळावर सरकवून प्रत्येकीवरची बारीक अक्षरं वाचली, मग भिंगातून चेहरा पाहिला.

"बाळा, हे सगळं बंद."

"मग लावू काय?"

"काही नाही. कोमट पाण्याने तोंड धू."

"आणि उन्हात?"

"गाडीवर स्कार्फ बांधतेस ना?" पुण्यात हा प्रश्न अनाठायी होता.

"आणि रात्री?"

"रात्री झोप."

तोंडाभोवतीच्या या पुरळाला युरोपात पूर्वी हवाईसुंदरींचा आजार म्हणत, असं त्यांनी सांगितलं. सदैव नीटनेटकं दिसण्याची नोकरी, म्हणून सदैव चेहऱ्यावर काहीतरी. त्यावरच्या पहिल्या उपायाला जर्मन डॉक्टर नल-थेरपी म्हणतात, म्हणजे शून्य उपचार. सुरुवातीला वाढल्यासारखं वाटेल, घाबरू नकोस, एवढं बजावून त्यांनी पुढची तारीख दिली. चिठ्ठीवर औषध एकही नव्हतं. फी घेऊनही डॉक्टर काही लिहून देत नाहीत, हे मामीच्या पचनी पडेना. "निदान एखादं मलम तरी द्यायचं," असं ती रिक्षात बसेपर्यंत म्हणत होती. काही न करण्याचा सल्ला हा जगातला सगळ्यात महाग सल्ला आहे, असं माझं मत त्या दिवशी झालं, आणि तो वाया जाण्याची शक्यताही सगळ्यात जास्त.

इलायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे उंदरांवरचे प्रयोग मी त्यानंतर वाचले आणि कातडीविषयीचा माझा आदर वाढला. वरचा थर खरवडला, की काही मिनिटांतच खालच्या पेशी साठवून ठेवलेला चुना बाहेर टाकायला लागतात. खिंडार पडल्याची वर्दी त्यांना कोण देतं? तिथून उडून जाणारं पाणीच. १९८९ मधल्या प्रयोगात त्या जागी हवाबंद पडदा लावून पाणी उडणं थांबवलं, तर दुरुस्तीही थंडावली. १९९३ मधला प्रयोग तर आणखी मजेचा. चुन्यातल्या त्या तिन्ही द्रव्यांपैकी एकटं कुठलंही, किंवा कुठलीही दोन, बाहेरून लावली, तर भिंत सांधायला काहीच न लावल्यापेक्षा जास्त वेळ लागला. तिन्ही एकत्र लावली, तेव्हाच काम सुरळीत चाललं. मला लग्नघरातले ते उत्साही काका आठवले, जे मांडव घालणाऱ्यांना खालून सूचना देत असतात आणि ज्यांच्यामुळे मांडव दुपारऐवजी संध्याकाळी उभा राहतो. पण काकांना तरी कसं सांगणार? त्यांच्या मायेत खोट नसते.

खरी अडचण कातडीची नव्हती, रात्रीच्या त्या अर्ध्या तासाची होती. पुढच्या शनिवारी भाची आली, जेवली, सवयीने न्हाणीघरात गेली आणि कोमट पाण्याने तोंड धुऊन लगेच परत आली. मग उगाच पंखा कमी-जास्त केला, वर्तमानपत्र उलटसुलट करून पाहिलं, फ्रिज उघडून पुन्हा मिटला. "आता काय करायचं असतं मामा या वेळेला?" तिने विचारलं, आणि मला एकदम वाटलं, दिवसभर हिंजवडीच्या रस्त्यावर तिचं अंग गर्दीत घुसळून निघतं, पुढचे तास पडद्यापुढे जातात, तिच्या गालावरून कुणीतरी हळू हात फिरवण्याची सबंध दिवसातली ती एकच वेळ होती, मग तो हात तिचा स्वतःचा का असेना. त्वचेत अशा स्पर्शासाठी मज्जातंतूंची निराळी जात आहे. लव असलेल्या कातडीत ते असतात आणि सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर वेगाने फिरणाऱ्या हाताला ते सगळ्यांत जास्त साद देतात. ओरबाडणं, चोळणं, थापट्या मारणं ही त्यांची भाषा नव्हे. झोपलेल्या लेकराच्या कपाळावरून आपला हात आपोआप ज्या गतीने फिरतो, ती हीच. कुठल्याही बाटलीत तो गुण नव्हता; तो लावणाऱ्या बोटांत होता, आणि बाटली हे त्याचं नुसतं निमित्त होतं. मामीने हे शास्त्र वाचलेलं नाही. तिने खोबरेल कोमट करून वाटी आणली, भाचीला पुढ्यात जमिनीवर बसवलं आणि तिच्या केसांच्या मुळांशी बोटं फिरवायला घेतली. केसांना तेल लावायला डॉक्टरबाईंनी मनाई केलेली नव्हती. भाचीने आधी मालिकेला नावं ठेवली, मग ऑफिसातल्या कुणा मॅनेजरला, मग घरभाड्याला, मग ती गप्प झाली. मामीने तेल पुरवून पुरवून लावलं.

पहिले काही दिवस पुरळ खरोखरच वाढलं, आणि त्या काळात भाचीने सांत्वनासाठी नव्हे, तर भांडण्यासाठी मला फोन केले. शिमग्याच्या सुमारास चेहरा निवला. आता डॉक्टरबाईंच्या परवानगीने तिच्याकडे तीन वस्तू आहेत : एक सौम्य फेसवॉश, एक वासबीस नसलेलं मॉइश्चरायझर आणि एक सनस्क्रीन. जुन्या बाटल्या तिने आमच्याकडेच ठेवल्या. बारा-पंधराशे रुपयांच्या वस्तू केराच्या डब्यात टाकायला मामीच्या जिवावर आलं, तेव्हा तिने फोन करून डॉक्टरबाईंना विचारलं. टाचांची कातडी जाड असते, भेगा नसतील तर तिथे खुशाल लावा, असं त्या म्हणाल्या. ग्लायकोलिकची पहिली बाटली संपून आता दुसरी चालू आहे. एवढं किमती सिरम टाचांना चोपडणारी आमच्या सोसायटीत ती एकटीच असावी, आणि टाचा खरोखरच सुरेख झाल्या आहेत.